एकोण किती?

३ मार्च, मंगळवार

ही डायरी औषधांच्या दुकानदाराने फुकट दिली. प्रत्येक पानाखाली एकेका गोळीची जाहिरात आहे. आजच्या पानावर पित्ताची आहे आणि ती योग्यच आहे, कारण मी कर सल्लागाराकडे जाऊन आले.

सल्लागार म्हणजे आमच्या लेकीहूनही लहान मुलगी. टेबलावर दोन कॉम्प्युटर, एक कुंडी आणि कुंडीत प्लास्टिकचं झाड. मी तिला सरळ सांगितलं. आमच्या यांनी निवृत्त झाले त्या वर्षी पंख्यांच्या कंपनीचे दहा हजार शेअर घेतले होते. ते आम्ही गेल्या महिन्यात चौऱ्याऐंशीच्या भावाने विकले. आठ लाख चाळीस हजार आले. आता कर किती भरायचा तेवढं सांग, म्हणजे मी मोकळी.

"काकू, खरेदीचा भाव?"

"तो यांना माहीत."

"कागद?"

कागद नाहीत. ज्या दलालाकडून घेतले तो वारला आणि त्याच्या पेढीच्या जागी चपलांचं दुकान आलं. आमच्याकडचे कागद माळ्यावर होते. माळ्यावरची पाण्याची टाकी फुटली तेव्हा त्यांचा लगदा झाला. बँक म्हणते, दहा वर्षांमागचं आम्ही ठेवत नाही.

"मग खरेदी शून्य धरतील," ती म्हणाली. चहात साखर नाही असं सांगावं तसं.

शून्य म्हणजे ते शेअर आम्हाला रस्त्यात सापडले असं समजायचं. आलेला सगळा पैसा नफा, आणि त्याचा पाचवा हिस्सा कर. मी म्हटलं, "अगं, तुला तरी पटतं का, एवढे शेअर कोणी फुकट देईल?" तर म्हणते, "मला पटून काय उपयोग काकू, खात्याला पटायला हवं."

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. तळमजल्यावाला आमच्याशी घराची अदलाबदल करायला तयार आहे, पण वर आठ लाख मागतो, तेही पंधरा एप्रिलच्या आत. माझ्या गुडघ्यांसाठी आम्हाला तळमजला हवा आहे. शून्य धरलं तर हातात पावणेसात लाखसुद्धा उरत नाहीत.

सल्लागार म्हणाली, काकांना विचारा आणि त्यांना काय आठवतं ते तारखेनिशी लिहून ठेवा. म्हणून हे लिहिणं सुरू.

४ मार्च, बुधवार

यांना विचारलं.

"अहो, पंख्यांचा भाव काय होता?"

यांनी वर बघितलं. "फिरतोय की चांगला," म्हणाले.

भाव विचारला तर भाव खातात. हे पहिल्यापासून असेच. सरळ उत्तर दिलं तर जीभ झिजेल.

सल्लागाराने तारखेनिशी लिहायला सांगितलंय, तर आमच्या कामाबद्दलही लिहून ठेवते. आम्ही दोघं एकाच दैनिकात होतो. हे मुद्रितशोधक आणि मी त्यांची वाचक. म्हणजे मूळ कागद माझ्या हातात, छापलेलं प्रूफ यांच्या हातात. मी मोठ्याने वाचायचं आणि यांनी प्रुफावर नजर ठेवायची. बरोबर असलं की म्हणायचं "हं". चुकलं की पेन्सिलीने टेबलावर टकटक. शेवटची ओळ झाली की म्हणायचं, "सोड पान." आमच्याकडे बाजारभावाचं पान होतं. आकडेच आकडे, त्यामुळे ते कोणालाच नको असायचं.

सव्वीस वर्षं असं काम केल्यावर माणूस घरीही "हं" म्हणूनच बोलतो. लग्नाचंही मीच विचारलं होतं. हे "हं" म्हणाले. लग्नाआधी मला "वाचा" म्हणायचे, लग्नानंतर "वाच" म्हणायला लागले. आमच्यातलं प्रेम एवढंच, पण ते खरं होतं.

६ मार्च, शुक्रवार

आज हे ब्रेड आणायला गेले आणि चौथ्या मजल्यावरच्यांच्या दाराला आपली किल्ली लावत बसले. त्या बाई खाली सांगायला आल्या. मी म्हटलं, सगळे मजले एकसारखे बांधलेत, माणूस चुकणारच, दोष बांधणाऱ्याचा. त्या म्हणाल्या, "अहो, पण मी दार उघडलं तर मला म्हणाले, तुम्ही आमच्या घरात काय करताय?"

हे थट्टेखोर आहेत, असं मी सांगितलं. हे थट्टेखोर नाहीत. ब्रेड आणलाच नव्हता.

९ मार्च, सोमवार

पंख्यांच्या कंपनीकडून उत्तर आलं. दहा हजार शेअर यांच्या नावावर सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला चढले, एवढंच त्यांच्याकडे आहे. कोणत्या भावाने घेतले ते त्यांना माहीत नसतं. शेअर नावावर चढायला तेव्हा तीन महिन्यांपर्यंत वेळ लागायचा. म्हणजे खरेदी जून, जुलै किंवा ऑगस्टमधली.

सल्लागाराला फोन केला. ती म्हणाली, त्या तीन महिन्यांतला नेमका दिवस ठरला तर त्या दिवशीचं जुनं वर्तमानपत्र पुरावा म्हणून जोडता येईल. वर काकांचं शपथपत्र. "पण दिवस हवा, काकू. 'पावसाळ्यात कधीतरी' असं नाही चालत."

म्हणजे पुन्हा यांच्याकडेच. पालथ्या घड्यावर पाणी.

१० मार्च, मंगळवार

सकाळी यांची दाढी करून झाल्यावर विचारलं. (दाढी हल्ली मी करते. न्हाव्याने पैसे वाढवलेत.) यांचा चेहरा नीट दिसत होता, मूडही चांगला होता.

"पंख्यांची कंपनी. दहा हजार शेअर. काय भावाने घेतलेत?"

यांनी डोळे मिटले. मग स्वच्छ आवाजात म्हणाले, "एकोण…"

आणि थांबले.

मी थांबले. कानाशी राहिलेला साबण वाळायला लागला.

"एकोण किती?"

"एकोण."

"अहो, पुढे?"

यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग आरसा उलटा करून ठेवला आणि माझ्यावर खेकसले, "सांगितलं ना एकदा!"

एकोण म्हणजे एक कमी. पण कशातून कमी? त्या वेळी भाव शेहेचाळीस ते एक्याऐंशी असा नाचत होता, हे मला आठवतं. म्हणजे एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर किंवा एकोणऐंशी. चारांतलं एक. हे मला मुद्दाम छळतायत असं क्षणभर वाटलं. तसं असतं तर बरं झालं असतं.

११ मार्च, बुधवार

सल्लागाराला फोनवर सांगितलं की भाव एकोणसाठ असेल किंवा एकोणसत्तर असेल.

"एकोणसाठ म्हणजे सिक्स्टी-नाइन ना?"

"फिफ्टी-नाइन."

"मग सिक्स्टी-नाइनला काय म्हणतात?"

"एकोणसत्तर."

"पण त्यात सत्तर आहे."

"सत्तराला एक कमी, बाई."

"हे असं कोणी ठरवलं, काकू?"

मी म्हटलं, मी नाही.

मग तिने हिशेब सांगितला. एकोणसत्तर धरला तर कर भरून आठ लाख देता येतात आणि वर दहा हजार उरतात. एकोणसाठ धरला तर आठ लाखाला दहा हजार कमी पडतात. एकोणपन्नासचं मी विचारलंच नाही.

१२ मार्च, गुरुवार

लेकीचा फोन. "आई, बाबांना डॉक्टरकडे नेलंस का?"

"त्यांना काय धाड भरलीय? गुडघे माझे दुखतायत."

"मागच्या वेळी मला ताई म्हणाले, आई."

"फोनवर आवाज सारखे येतात."

ती गप्प बसली. ती गप्प बसली की मला तिच्या बापाची आठवण येते, आणि तिचा बाप तर शेजारच्या खोलीत बसलेला असतो.

दहा हजार तिच्याकडे मागता आले असते. पण मागितले तर ती विचारणार, घर कशाला बदलतेस. गुडघे म्हटलं तर मला धरून गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेणार. आणि तो सांगणार, गुडघे ठणठणीत आहेत.

१६ मार्च, सोमवार

वाचनालयात गेले. यांना शेजारच्या बाईंकडे बसवून गेले, टीव्हीवर सामना होता. आमच्या दैनिकाचे जुने अंक तिथे बांधून ठेवलेत. धुळीने शिंका आल्या. कागद पिवळा पडलाय पण अक्षर तसंच आहे, दोन नंबरच्या मशीनवर 'र' कायम तुटका उठायचा तोही तुटकाच. सांभाळणाऱ्या बाईंना मी तुटका 'र' दाखवला. त्यांना त्यात काही विशेष दिसलं नाही.

तिन्ही महिन्यांची बाजारभावाची पानं काढली आणि 'आजचा भाव' या रकान्यात पंख्यांच्या ओळीवर बोट ठेवत गेले. एकोणपन्नास एकदा, जूनच्या सुरुवातीला. एकोणसाठ दोनदा, एक जूनअखेर आणि एक ऑगस्टमध्ये. एकोणऐंशी नाही. एकोणसत्तर एकदाही नाही. अडुसष्ट आहे, सत्तर आहे, एकाहत्तर आहे, मधला तेवढा नाही.

ऑगस्टमधला तो एकोणसाठही विचित्र आहे. आदल्या दिवशी अडुसष्ट, त्या दिवशी एकदम एकोणसाठ, दुसऱ्या दिवशी पुन्हा सत्तर. बाजाराचा काय भरवसा.

सगळ्या पानांच्या दोन-दोन प्रती काढून घेतल्या. एकच पुरली असती, पण हात सवयीने दोन म्हणाला.

१७ मार्च, मंगळवार

सल्लागार म्हणते, एकोणसाठ धरू, दोन्हींपैकी कोणतीही तारीख टाकू, कोणी विचारणार नाही. मी म्हटलं, "कोणतीही कशी? यांनी एकाच दिवशी घेतले." ती म्हणाली, "काकू, दहा हजारांचाच तर प्रश्न आहे, तळमजल्यावाल्याला जरा सांगून बघा."

तळमजल्यावाल्याला जरा सांगून बघितलं. तो म्हणाला, "काकू, तुम्ही मला आईसारख्या. पण दहा हजार म्हणजे दहा हजार." आईकडूनही त्याने असेच घेतले असतील.

खरं सांगायचं तर आता मला त्या दहा हजारांपेक्षा 'एकोण'च्या पुढचा अर्धा शब्द हवा आहे. तो त्यांच्याकडे आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं. नसेल तर आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार.

१९ मार्च, गुरुवार

आज दुपारी हे गेले. मी कपडे वाळत घालत होते, दार उघडं राहिलं. खाली पाहिलं, कोपऱ्यापर्यंत पाहिलं, चौथ्या मजल्यावर पाहिलं. ब्रेडवाला म्हणाला, इकडे आले नाहीत. तीन जिने मी दोनदा उतरले आणि दोनदा चढले, आणि गुडघ्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही.

मग मला सुचलं आणि रिक्षा केली. हे आमच्या जुन्या छापखान्यासमोर उभे होते. तिथे आता व्यायामशाळा आहे. काचेच्या मागे माणसं जागच्या जागी पळत होती आणि हे त्यांच्याकडे बघत होते.

"अहो, घरी चला."

"पान आलं नाही अजून," हे म्हणाले. "कुठे अडकलंय बघ जरा."

मी खूप भ्याले होते. तिथे उभी राहून रडले, आणि पळणाऱ्या माणसांपैकी एकाने पळता पळता माझ्याकडे बघून हात केला. येताना रिक्षात हे मजेत होते.

घरी आल्यावर दाराला आतून वरची कडी घातली. मग बराच वेळ 'पान आलं नाही' हे वाक्य डोक्यात घोळत राहिलं. पान तर माझ्याकडे होतं. दोन-दोन प्रतींत.

२१ मार्च, शनिवार

सकाळी जेवायचं टेबल पुसून खिडकीपाशी ओढलं. दोन खुर्च्या समोरासमोर, कारण शेजारी बसलं की दोघं एकच कागद बघतात, असं हे नव्या लोकांना सांगायचे. एक गठ्ठा यांच्यापुढे, एक माझ्यापुढे. लाल पेन्सिल विकत आणली होती. टोक करून यांच्या उजव्या हाताशी ठेवली.

"पान आलंय," मी म्हटलं.

हे आले. बसले. चष्मा वर केला, पेन्सिल उचलली, टोक बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाच."

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "रंगांची कंपनी. कालचा एकशे बारा. आजचा एकशे चौदा."

"हं."

"साखर. कालचा तेहतीस. आजचा साडेतेहतीस."

"हं."

जून संपवला. मध्ये चहा झाला. जूनअखेरचा एकोणसाठ आला तेव्हा मी श्वास धरला. हे म्हणाले "हं" आणि पुढच्या ओळीवर गेले. जुलै झाला. हे एकदाही अडले नाहीत, एकदाही कुठे बघत बसले नाहीत. दोन ठिकाणी त्यांनी मलाच पकडलं, मी सत्तावन्नला सदुसष्ट म्हटलं होतं. टकटक. माझ्या कानांना ती टकटक इतकी गोड लागली की पुढे एकदा मी मुद्दाम चुकले. तीही पकडली.

ऑगस्ट. तेरा तारखेच्या भावांचं पान.

"पंखे. कालचा अडुसष्ट. आजचा एकोणसाठ."

टकटक.

मी पुन्हा बघितलं. माझं बरोबर होतं. "एकोणसाठच आहे. छापलंय."

"छापलेलं चूक आहे," हे म्हणाले. "एकोणसत्तर."

सबंध. अडखळता. नाही, अडखळता नाही, न अडखळता. (खोडत बसत नाही.) मग यांनी पाचावर तिरपी रेघ मारली आणि समासात नीट, वळणदार सहा काढला.

"कशावरून?" मी विचारलं.

"मीच घेतले ना त्या दिवशी. दुपारी फोनवर सांगितले, संध्याकाळी पैसे भरायला गेलो. तुझ्या एकटीवर पान टाकून." आणि माझ्याकडे बघितलं. मला बघितलं, नुसतं माझ्या दिशेला नाही. "रागावली होतीस."

रागावले होते. आता आठवलं. अर्धं पान झालेलं आणि हे "जरा जाऊन येतो" म्हणून उठले. कुठे ते सांगितलं नाही. वाचायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी मूळ कागद डाव्या हातात धरला, प्रूफ उजव्या हातात, स्वतःच वाचलं आणि स्वतःच "हं" म्हटलं. आपणच वाचायचं आणि आपणच हं म्हणायचं, अशात चूक सापडत नाही.

मी चौदा तारखेच्या भावांचं पान ओढलं. त्यात 'कालचा' या रकान्यात बघायचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, मी आपली आजच्यावर बोट ठेवत गेले होते. पंखे. कालचा एकोणसत्तर. आजचा सत्तर.

मी उठून यांच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्यात असं करत नाहीत. हे म्हणाले, "अजून पान व्हायचंय," म्हणून मी बसले आणि आम्ही ऑगस्ट संपवला.

संपल्यावर विचारलं, "चहा घेणार का?"

"तुम्ही नव्या का इथे?" हे म्हणाले. "चांगलं वाचता."

मी म्हटलं, हो, नवीन आहे. तुम्ही म्हटलं मला. चहा केला, दोघांनी घेतला.

२३ मार्च, सोमवार

सल्लागाराने दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. एकाच दिवसाचे दोन भाव, एक चुकलेला आणि एक दुसऱ्या दिवशीच्या अंकात दुरुस्त. तिने ते तीनदा वाचलं. चालेल म्हणाली. तेरा ऑगस्ट, एकोणसत्तर, शपथपत्रावर काकांची सही. सही मात्र हे झोकात करतात.

"हे लाल काय आहे?"

"दुरुस्तीची खूण. काढलेला आकडा आत, घालायचा आकडा समासात."

"काकांनी आत्ता केली? इतक्या वर्षांनी लक्षात होतं?" ती मागे टेकली. "कमाल आहे. काका म्हणजे एकदम ठणठणीत आहेत हं!"

तिचं "हं" चुकीच्या जागी आलं. माझं बोट आपोआप तिच्या टेबलावर वाजलं. टकटक.

"नाहीत," मी म्हटलं. "ठणठणीत नाहीत. मला ओळखत नाहीत कधी कधी. घर चुकतात. परवा हरवले होते. म्हणून तळमजला हवाय, खिडकीतून दार दिसेल असा."

हे मी मोठ्याने पहिल्यांदा म्हटलं. ती उठली, पाणी आणलं आणि मग काय करावं ते न सुचून प्लास्टिकच्या झाडालाही थोडं घातलं.

संध्याकाळी लेकीला फोन केला.

२७ मार्च, शुक्रवार

लेक आली. तिघं डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी यांना वार विचारला, महिना विचारला, घड्याळ काढायला लावलं. घड्याळाचे आकडे सगळे एका बाजूला आले. शंभरातून सात-सात वजा करा म्हणाले. हे म्हणाले, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोण… आणि लेकीकडे बघून हसले.

डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाईल. सावकाश जाईल, पण जाईल. वाचून दाखवता ते चालू ठेवा. उपयोग होईल का, असं लेकीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, आजार थांबणार नाही, पण तेवढा वेळ बरा जाईल.

बाहेर आल्यावर लेक मला म्हणाली, "तुझे गुडघे कसे आहेत गं?" आणि दोघी हसलो, आणि मग हसणं काही धड राहिलं नाही.

१३ एप्रिल, सोमवार

कर भरला. तळमजल्यावाल्याला आठ लाख दिले. त्याने मोजून घेतले आणि पुन्हा एकदा आईसारख्या म्हणाला. पुढच्या आठवड्यात सामान खाली न्यायचं. खाली खिडकीतून फाटक दिसतं आणि फाटकाला कडी आहे. उरलेल्या दहा हजारांतून दाराला घंटी बसवतेय, दार उघडलं की वाजणारी.

सकाळी इमारतीच्या सेक्रेटरीने एक कागद भरायला दिला. आमचं आता पानांचं रोज ठरलंय, सकाळी चहानंतर. आज म्हटलं हेच वाचू. पेन्सिल यांच्या हातात दिली आणि वाचायला लागले.

"घर क्रमांक एक."

"हं."

"वाहन, नाही."

"हं."

"राहणाऱ्या व्यक्तींची संख्या, दोन."

टकटक.

मी वर बघितलं. हे कागदाकडे बघत होते. कपाळाला तीच आठी, जी चूक सापडली की पडायची.

"दोनच आहोत," मी म्हटलं.

"एकोण…" हे म्हणाले.

मी थांबले. आता मला थांबता येतं.

"एकोण किती?"

"एकोणदोन," हे म्हणाले, आणि पेन्सिल त्या दोनावर नेऊन धरली.

मला कळलं की नाही, ते मी इथे लिहिणार नाही. यांना कळलं होतं की नाही, तेही मला माहीत नाही. मी हात पुढे करून पेन्सिलीचं टोक कागदावरून उचललं.

"एकोणदोन असा आकडा आपल्यात नाही," मी म्हटलं. "शोधून बघा कुठेही. मूळ कागदात दोन आहे. पुन्हा वाचते, ऐका."

मी पुन्हा वाचलं. राहणाऱ्या व्यक्तींची संख्या, दोन. सावकाश वाचलं, आवाज लावून वाचलं.

खालून कोणीतरी मोटार सुरू करत होतं, ती सुरू होऊन निघूनही गेली.

"हं," हे म्हणाले. "सोड पान."